जुन्या विंडोजमधली रत्नमाला

लाखनीत हायवेला लागून परसराम मेश्रामचे दुकान आहे. पाटीवर 'मेश्राम कॉम्प्युटर्स अँड साउंड' असे लिहिलेले असले तरी आत कॉम्प्युटर एकच, आणि तोही इतका म्हातारा की बटण दाबून परसराम समोरच्या टपरीवर चहा पिऊन आला तरी स्वारी जागी व्हायचीच असते. वर्षभर त्याच्यावर सातबारा, धानाची नोंदणी, पोरांचे फॉर्म चालतात. खरा धंदा दिवाळीनंतरचा. दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक. नाटक आहे हे गावाला कळवायला ऑटोवर भोंगा बांधून अनाउन्समेंट फिरवावी लागते. गावात तिला अलाउन्स म्हणतात. पंचक्रोशीतला अलाउन्स परसरामच्या दुकानात तयार होतो, आणि त्यातला आवाज त्याच्या बायकोचा, रत्नमालाचा असतो.

रत्नमाला वारली त्याला आता काही वर्षे झाली. अलाउन्स अजूनही तीच करते.

यात भुताटकी काही नाही. ती असताना दर उन्हाळ्यात दोघे दुकानाच्या मागच्या खोलीत बसत. ट्रकांचा आवाज आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या बंद करायची, वरून गोधड्या लावायच्या, पंखासुद्धा बंद ठेवायचा. मग रत्नमाला गावांची नावे म्हणायची. सानगडी. बपेरा. लाखनी. मग वार, मग वेळा, मग 'आज रात्री ठीक साडेनऊ वाजता', मग 'माताभगिनींसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था'. परसराम त्यातले शब्द कापून एकाला एक जोडायचा. सांधा कुठे आहे ते दाखवा, असे तो लोकांना छातीठोकपणे सांगायचा, आणि कोणालाही तो सापडत नसे. लोक बायकोच्या आवाजाचे कौतुक करायचे तेव्हा हा पठ्ठ्या मनात म्हणायचा, आवाज तिचा असेल, पण हात माझा आहे. नाटकाचे नाव तेवढे दर वर्षी नवे असते. ते आता ऑटोवाला भैय्यालाल स्वतः माईकवर ओरडतो, आणि तिच्या आवाजानंतर त्याचा आवाज म्हणजे खिरीत आलेला खडा.

हे असेच चालले असते. पण यंदा सरकारी साइट त्या जुन्या विंडोजवर उघडेनाशा झाल्या. शेतकरी दारातून डोकावत आणि पुढच्या दुकानात जात. त्यात कॉम्प्युटरच्या पोटातून करकर आवाज येऊ लागला. परसरामने भुपेंद्रला बोलावले. भुपेंद्र सगळ्या लाखनीचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तोंडाने फटकळ, पण मनाने चांगला.

"जय भीम भाऊ," तो म्हणाला आणि डबा उघडून बसला. "हे विंडोज सातवं हाय. दुनिया अकराव्यावर गेली. कायले धरून बसले?"

"त्याच्यात माहं आवाज कापायचं सॉफ्टवेअर चालते का?"

"नाही चालत. ते बनवणारे कधीचेच दुकान बंद करून गेले."

"मंग रत्नमालाचा आवाज?"

"आवाज कुठी नाही जात जी. रेकॉर्डिंग जशीच्या तशी नव्यात येते. तुमची काटछाट तेवढी येत नाही. तुमाले वाटते तुमी कापून फेकलं. पण हे सॉफ्टवेअर काही फेकत नाही, झाकून ठेवते फक्त. पहिल्यापासून सारं आतमंदी पडून हाय."

"कापलेलं बी?"

"कापलेलं बी."

दुसऱ्या एखाद्याने पेढे वाटले असते. गेलेल्या बायकोचा एक शब्दही जाणार नाही, उलट होता त्याहून जास्त मिळणार. परसरामने मात्र उघडलेला डबा स्वतःच बंद केला. "मंडई होऊन जाऊ दे, मंग पाहू," एवढे म्हणून त्याने भुपेंद्रला वाटेला लावले.

त्याने काय कापले होते ते सांगायलाच हवे, कारण तो स्वतः ते कोणाला सांगत नाही. त्याने तिचा खोकला कापला होता.

पहिल्यांदा आला तेव्हा दोघे हसले होते. बंद खोली, गोधड्यांची धूळ, खोकला यायचाच. दोन शब्दांच्या मधला खोकला काढणे हे परसरामच्या डाव्या हाताचे काम होते. पुढच्या उन्हाळ्यात तो जास्त आला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शब्द थोडे आणि खोकला फार अशी गत झाली, आणि परसरामची सफाई तेवढीच वाढली. शब्द मधोमध तुटला तर तो जुन्या वर्षातले अर्धे अक्षर आणून जोडायचा. दवाखान्यात जाऊ, असे तो म्हणायचा. सीझन होऊ द्या, धुळीनंच होते जी, असे ती म्हणायची. मग सीझन व्हायचा, आणि तयार झालेला अलाउन्स ऐकताना त्यात खोकला कुठेच नसायचा. माणसाचा स्वतःच्या हातच्या कामावर विश्वास बसतो. परसरामचाही बसला. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला तेव्हा फार उशीर झाला होता.

आणखी एकजण त्या आवाजावर विसंबून होती. रत्नमालाची आई पार्वताबाई सानगडीला राहते. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तिचा सगळा संसार कानांवर. त्या दिवसांत लाखनीहून आलेले कोणी म्हणाले, की तुमची पोरगी वाळली हो, तर ती उडवून लावायची. "काही नाही झालं माह्या रत्नाले. कालच गल्लीतून तिचा आवाज गेला. खणखणीत हाय." लेक माहेरी येत नाही, तर जावई सीझनमध्ये सोडत नसेल, असे तिने धरून घेतले होते. त्यानंतर लेक गेल्याचाच निरोप आला.

तेव्हा नवी विंडोज घ्यायची की नाही, हा प्रश्न वरून दिसतो तेवढा साधा नव्हता. जुनीत रत्नमाला ठणठणीत होती. नवीत ती खोकणार होती.

परसरामने दिवस ढकलले. नव्या विंडोजला त्याने नाही नाही ती नावे ठेवली. ती फार इंटरनेट खाते, तिच्यात प्रिंटर चालत नाही, चांगले चाललेले कशाला मोडा. ती त्याची त्यालाच पटत नव्हती; आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ऐकणाऱ्यालाही ती खरी वाटत नव्हती. शेवटी एका सकाळी मशीन सुरूच होईना. भुपेंद्रने येऊन ती कशीबशी जागी केली.

"डिस्क मरून राहिली भाऊ," तो म्हणाला. आज त्याच्या आवाजात फटकळपणा नव्हता. "आज काढून घेतलं तर घेतलं. उद्या हे उघडन का नाही सांगता येत नाही. मंग वहिनीचा आवाज बी जाईन."

टेबलावर रत्नमालाचा माईक होता, तिने त्याला जुन्या साडीची घडी बांधली होती. त्या घडीवरून परसरामने बोट फिरवले.

"टाक नवी," तो म्हणाला.

दुपारी शटर अर्धे ओढून तो भुपेंद्रने आणून लावलेल्या नव्या मशीनसमोर बसला. सानगडीच्या मंडईचा अलाउन्स करायचा होता. त्याने तिच्या शेवटच्या उन्हाळ्याची रेकॉर्डिंग उघडली. इतकी वर्षे त्याने आपणच निवडलेले शब्द ऐकले होते, मधले काही नाही. पडद्यावर आवाजाची रेघ उमटली. शब्द बुटके दिसत होते, आणि त्यांच्या मधे खोकल्याचे सुळके.

'सानगडी,' रत्नमाला म्हणाली आणि खोकू लागली. खोकतच राहिली. मग तिने दम घेतला. तेवढ्यात एका माणसाचा आवाज आला. परसरामला क्षणभर तो ओळखू आला नाही.

'खोकून घे एकदाची. मंग सलग बोल.'

'हो जी,' ती म्हणाली. 'झालं. घ्या आता.'

तो आवाज त्याचाच होता. त्यात राग नव्हता, चीड नव्हती. त्यात काहीच नव्हते, आणि तेच त्याला सोसवेना. आपण तिला एकदा तरी पाणी दिले होते का, ते शोधत तो ती रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकत राहिला. मधे एकदा तिनेच विचारले होते, 'पाणी पिऊन येऊ का जी?' आणि तो म्हणाला होता, 'एवढं गाव होऊ दे.' परसराम टेबलावर डोके ठेवून रडला. हायवेवरून ट्रक जात होते आणि खिडकीला आता गोधड्या नव्हत्या, तरी ट्रकांच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेले नाही.

मग डोळे पुसून त्याने नेहमीचे काम सुरू केले. वार घेतला, वेळ घेतली, व्यवस्था घेतली. 'सानगडी'च्या पुढचा खोकला माऊसने रंगवून निवडला. एक बटण दाबायचे होते. त्याचा हात त्या कामात मुरलेला होता, डोळे मिटूनही दाबला असता. पण हात काही केल्या पुढे जाईना. त्याने तो खोकला तसाच राहू दिला.

मंडईच्या दिवशी तो भैय्यालालच्या ऑटोत बसून सानगडीला गेला. गावात शिरता शिरता अलाउन्स सुरू झाला, तसा भैय्यालालने दचकून भोंग्याकडे पाहिले.

"भाऊ, खोकला राहून गेला."

"राहू दे," परसराम म्हणाला.

पार्वताबाई सवयीने ओट्यावर येऊन बसलेली होती. परसराम उतरून तिच्याजवळ बसला आणि ऑटो पुढे गेला. 'सानगडी,' भोंग्यातून रत्नमाला म्हणाली आणि खोकली. म्हातारीची मान ताठ झाली. ऑटो कोपऱ्यावर वळला.

"जवाई," तिने विचारले, "हा खोकला तवा बी होता का?"

"होता."

"मंग मले काहून नाही आयकू आला?"

येताना वाटेत त्याने पुष्कळ वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही आता कामाचे नव्हते.

"मी कापून टाकत होतो," तो म्हणाला.

पार्वताबाईने त्याला शिवी दिली नाही. ती त्याच्याकडे वळलीही नाही. ऑटो मागच्या गल्लीत शिरला होता आणि घरांच्या वरून तो आवाज पुन्हा आला. गावाचे नाव, आणि त्याच्यामागे खोकला. म्हातारीने न दिसणारे डोळे तिकडे वळवले आणि ओट्यावर चाचपडत आपला पाण्याचा गडवा जवळ ओढला.

"पाणी पी वं माय," ती म्हणाली. "पाणी पी."