दिवेलागणीची शाबासकी

वीज कशी वाचवावी हे लोकांना शिकवणारं अॅप बनवायचं आणि बनवणारीने स्वतः अंधारात बसायचं, याला काय म्हणावं? मेघना तशीच बसायची. कल्याणच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपचा पडेल तेवढाच उजेड. वडील, देवराम, गेल्यापासून ती एकटी. बोलायला कोणी नाही म्हणून बाई कुकरशी भांडायची. रिकामं घर खायला उठतं म्हणतात, ते हिच्या घरी रोज संध्याकाळी उठायचं.

अॅप ठाण्यातल्या एका कंपनीचं. मीटरपाशी छोटं यंत्र बसवलं की घरात किती वीज जळते ते फोनवर दिसतं. ते लोकांना दाखवायचं कसं, हे मेघनाचं काम. आकडे कोणी बघत नाही, लोकांना कौतुक हवं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी शहाडच्या चाळीत खोलीबाहेर पडताना तिने ट्यूबलाइट बंद केली की देवराम न चुकता म्हणायचे, "शाब्बास गं माझ्या वाघिणी!" तोच शब्द तिने अॅपमध्ये घातला. गल्लीत ज्याच्या घरी सगळ्यांत कमी वीज जळली, त्याला रोज दिवेलागणीला त्याचं नाव घेऊन शाब्बास.

चाचणीसाठी आंबिवलीतली एक गल्ली घेतली. कोणाला न सांगता मेघनाने स्वतःच्या घरीही यंत्र बसवलं. ऑफिसातल्या विनीतने ते घर दुसऱ्याच दिवशी चाचणीच्या यादीतून काढून टाकलं.

"यंत्र तरी बिघडलंय, नाहीतर घर बंद आहे. इतकी कमी वीज कोण वापरतं?"

घर आपलं आहे, हे तिने सांगितलंच नाही.

आंबिवलीत पहिला नंबर काळुराम नावाच्या गृहस्थांचा, आणि तो काही केल्या हलेना. साहेब खूश. "त्यांचा फोटो घेऊन ये, जाहिरातीत टाकू."

मेघना संध्याकाळी पोचली. बंगला तीन मजली, बाहेरून झगझगीत रंगाचा आणि आत काळोख. भातशेती विकून बांधलेला. खालचा मजला स्वतःला, वरचे दोन मुलांना, असा बेत होता. मुलं ठाण्याला टॉवरमध्ये राहायला गेली, बायको केशरबाई वारली. काळुराम ओटीवर बसले होते, मांडीवर फोन घेऊन. चहा त्यांनी कोराच दिला.

"दूध नासतंय गो बाय. फ्रिज बंद ठेवलाय."

"का काका?"

"शेजारचा मला गाठंल ना! मंग शाब्बास त्याला जाईल."

तेवढ्यात फोन वाजला. म्हातारा खुदकन हसला आणि स्क्रीन तिच्यापुढे धरली. "माजं नाव घेऊन बोलतंय बघ. दिसभरात येवढंच कोन तरी बोलतंय. ह्ये तूच लिवतेस का गो?"

मेघनाला भरून आलं. सगळं आपोआप जातं, हे खरं उत्तर जिभेवर आलं होतं.

"हो काका," ती म्हणाली, "मीच लिहिते."

फोटो तिने घेतला नाही. ऑफिसात मात्र कडाकडा भांडली. माणसं नसलेल्या घरांना बक्षीस देतोय आपण, आणि म्हातारी माणसं त्यापायी काळोखात बसतायत, ते नंबर काढून टाका. साहेबांनी नंबर काढून टाकले, आणि सोबत शाब्बासही. कटकट मिटली, सुंठीवाचून खोकला गेला म्हणून विनीतने सुटकेचा निःश्वास टाकला. मेघनाच्या जिवाला मात्र घोर लागला. म्हातारा ओटीवर फोनकडे बघत बसणार. आणि लिहिणारी तर तीच होती, तिनेच कबूल केलेलं.

त्याच संध्याकाळी तिने आपल्या फोनवरून लिहिलं. "काका, नंबर बंद झाले. नवा नियम असा : फ्रिज चालू ठेवायचा आणि तिन्हीसांजेला ओटीवरचा दिवा लावायचा. फोटो पाठवा, मग शाब्बास."

थोड्या वेळाने दिव्याचा फोटो आला, निम्म्यात अंगठा. "शाब्बास, काळुराम काका!" तिने लिहिलं. मग हा रोजचाच रिवाज झाला. वीज वाचवण्याच्या हिशेबाने शुद्ध उधळपट्टी.

एकदा तिची शाब्बास गेल्यावर पलीकडून आवाजातला निरोप आला.

"मी लावला गो बाय. तुज्या घरान दिवा लावलास का?"

लॅपटॉपच्या उजेडात बसलेल्या मेघनाने तो निरोप पुन्हा ऐकला. मग ती उठली, दिवा लावला, त्याचा फोटो काढून पाठवला, आणि शाब्बास येईपर्यंत फोन हातात धरून तिथेच उभी राहिली.