दुकानाच्या भिंतीवरची अमेरिका

बोर्ड रंगवणाऱ्याच्या दुकानात फरशीवर रंगाचे थेंब पडत राहतात. कालच्या हिरव्यावर आजचा लाल. पुसू म्हणता म्हणता राहून जातं आणि एक दिवस खालची फरशीच दिसेनाशी होते. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. मी फार बोलणारा माणूस नाही. सातवीनंतर शाळा सुटली, अक्षर बरं होतं, म्हणून परभणीत बोर्ड रंगवायला लागलो. पण संध्याकाळी दुकानात जमायचे ते सगळे बोलणारे, आणि मी ऐकणारा. त्यामुळे सगळं माझ्याकडेच साठलं.

जमायचे चौघं. देशपांडे सर शाळेत भूगोल शिकवायचे. पेडगावचा मिलिंद, अख्तर आणि पालमचा बालाजी हे तिघं शेतीची पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलेले. तिघांनाही पुढे शिकायला अमेरिकेला जायचं होतं. अर्ज गेले होते, उत्तरं यायची होती. सर म्हणाले, "जायच्या आधी देश कळला पाहिजे. न्यूयॉर्क म्हणजे काही अमेरिका नाही." आणि त्यांनी आमच्या दुकानात वर्गच सुरू केला.

सर स्वतः औरंगाबादच्या पुढे गेलेले नव्हते. कुणी तसं काढलं की म्हणायचे, "सूर्यावर कोण जाऊन आलंय? तरी ग्रहण सांगतातच की."

*

सरांनी सांगितलं म्हणून मी मागच्या भिंतीवर अमेरिका काढली. उरलेसुरले रंग वापरले. निळा तेवढा संपला होता, म्हणून नद्या राहिल्या.

राज्यांची नावं मात्र कुणाच्या लक्षात राहीनात. तेव्हा सरांनी युक्ती काढली. "आपला जिल्हाच ह्याच्यावर पसरू." पूर्वेला न्यूयॉर्क, जिथं चारी दिशांची माणसं उतरतात, ते पूर्णा जंक्शन. उत्तरेचा थंड भाग जिंतूर. खाली टेक्सास, ते गंगाखेड. पश्चिमेचं कॅलिफोर्निया सेलू. खालच्या कोपऱ्यातलं फ्लोरिडा पालम. आणि मधलं ज्वारी-गव्हाचं सपाट कॅन्सास, ते पोखर्णी. मी प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात आपलं गाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाचा बोर्ड न्यायला एक गिऱ्हाईक आलं. नकाशाकडं बराच वेळ बघून म्हणालं, "यष्टीवाल्यांचं काम घेतलं वाटतं. पण मानवत कुठाय?"

सर तिथंच बसले होते. त्यांनी विचार केला आणि मला म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. सेलूच्या अलीकडं लिही." मानवतपायी आमच्याकडं कोलोराडो आलं ते असं.

*

सर अख्तरला म्हणाले, "तुला कॅलिफोर्निया चांगलं. हवा चांगली, फळबागा आहेत."

अख्तर म्हणाला, "सेलू नक्को सर. वहाँ आपा की सास रहती."

"अरे, ते खरं सेलू नाही."

"मालूम हय सर. मगर नाम लिया तो बी याद आती."

शेवटी तो टेक्सासला गेला. म्हणजे भिंतीवर.

*

बालाजीच्या घरी भरपूर जमीन. त्याला आपलं पालम फ्लोरिडा झाल्याचा लय आनंद. एकदा स्टँडवर त्यानं कंडक्टरला ऐटीत विचारलं, "काय हो, फ्लोरिडा सुटली का?"

कंडक्टरनं तिकिटाच्या पेटीतून मान वर केली नाही. म्हणाला, "ती सकाळीच गेली. आता पालमचीच हाय. येताव का?"

बालाजी मुकाट्यानं चढला.

*

उत्तरेची थंडी कशी असते हे नुसतं सांगून कळणार नाही, असं सरांचं मत. म्हणून ते तिघांना बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेले आणि लाद्यांच्या मधोमध उभं राहून तिथली शेती समजावत बसले. पोरांना काही झालं नाही. सर अंथरुणाला खिळले.

बघायला गेलो तर काकू म्हणाल्या, "भर उन्हाळ्यात ह्यांना सर्दी कशानं झाली?"

आम्ही खाली बघायला लागलो. अख्तर हळूच म्हणाला, "काकू, सर जिंतूरला जाऊन आले."

काकूंना काय वाटलं कुणास ठाऊक, पुढं कितीतरी दिवस त्या जिंतूरच्या पाहुण्यांकडं जायला तयार नव्हत्या.

*

पहिलं उत्तर आलं ते मिलिंदला. कॅन्सास. ज्वारीवर शिकायचं, राहण्याखाण्याचा खर्च तेच देणार. सरांनी दुकानात पेढे वाटले. मिलिंदनं हातातला पेढा खाल्ला नाही.

"माय हो म्हनल्याबिगर मी होकार कळवणार न्हाई," तो म्हणाला. वडील लहानपणीच गेलेले. मायनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून त्याला इथवर आणलेलं. आणि माय हो म्हणत नव्हती. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं.

सर म्हणाले, "घेऊन ये त्यांना. मी सांगतो समजावून."

मिलिंदची माय, गयाबाई, आल्या. दारातच थांबल्या. मी स्टूल पुसून दिलं, तेव्हा आत येऊन बसल्या. सरांनी कॅन्सासची जमीन, पाऊस, पेरणी असं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ज्वारी शिकायला तिथं कामून?" त्या म्हणाल्या. "तिथली ज्वारी खाल्ली की म्या. दुष्काळात रेशनवर आल्ती, लाल. मिलो. जनावर तोंड लावीना. माहं लेकरू ती खानार?"

"म्हनून तर जायचं हाय, माय," मिलिंद म्हणाला. "ती पिकती लय. आपली गोड हाय. दोन्हीचं जमवायचं."

त्या मग भिंतीकडं वळल्या. "ह्यात तुहं गाव कोनतं?"

मिलिंदनं बोट ठेवलं. त्यांनी मला विचारलं, "काय लिव्हलंय?"

"कॅन्सास, मावशी. अन् खाली पोखर्णी."

"अन् पानी कुठं हाय?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या ब्रशाकडं बघितलं.

"पानीच न्हाई दावलं," म्हणत त्या उठल्या. "पान्याचं कळल्याबिगर कसं लेकरू धाडावं?"

*

त्यानंतर आठवडाभर मिलिंद दुकानाकडं फिरकला नाही. सर रोज यायचे, नकाशाकडं पाठ करून बसायचे.

महिना संपत आला होता. एका दुपारी मी एकटाच होतो. गयाबाई दारात उभ्या. पाय धुळीनं भरलेले, हातात भाकरीचं रिकामं फडकं.

"सर न्हाईत?"

"शाळेत हायेत, मावशी. बसा."

ह्या वेळी त्या आपणहून स्टुलावर बसल्या. "पोखर्णीला गेल्ते. सकाळच्या गाडीनं."

"तिथल्या देवाला?"

"आमाला कुठला देव आता. लेकराचं गाव बघाया."

मी हातातला ब्रश डब्यात ठेवला.

"रान काळं हाय," त्या म्हणाल्या. "ज्वारी बी बरी हाय. हिरीवर एक बाई पानी शेंदायली व्हती. तिला इच्यारलं, बाई, माहं लेकरू लांबून शिकाया येनार हाय. आमच्यातल्या लेकराला पानी देतेत का हितं?"

"मग?"

"तिनं बघितलं माह्याकडं. मग पोहराच दिला हातात. म्हनली, तूच शेंद की."

त्यांनी मग पदरानं तोंड पुसलं.

"मिलिंदला सांग, जा म्हनावं."

उठून त्या भिंतीजवळ गेल्या. मिलिंदनं ठेवलं होतं तिथंच बोट ठेवलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हितं एक हीर काढ, बाबा. पोहरा बी काढ."