सिलेंडरमागची भाकर

झुरळांच्या औषधाचा वास आला की मला आमचे मलकापूरचे स्वयंपाकघर आठवते. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि ओट्याखाली झुरळे फार वाढली होती. मी चिकट सापळे लावून रोज सकाळी ती मोजायचो. सतरा, बावीस, एकोणीस. सगळी सिलेंडरकडूनच येत होती, म्हणून तो हलवला, तर मागे ताटलीखाली झाकलेली भाकर निघाली. बाबा कापसाच्या जिनिंग मिलमधून उशिरा यायचे, तेव्हा आई त्यांची भाकर मांजरापासून लपवून तिथेच ठेवायची. “आई, आता काऊन ठेवतं?” मी चिडून विचारले. “मले समजते रे, ते नाही येत. पण हात आयकत नाही. तू झुरळंच मोज बाप्पा!” मी भाकर फेकली, फटी सिमेंटने बुजवल्या, औषध मारले आणि पुन्हा तिथे काही ठेवायचे नाही, असे तिला बजावले. नवव्या दिवशी सापळे रिकामे होते. “आई, आज एकही नाही!” मी आनंदाने सांगितले. “हाव,” ती म्हणाली, “आता कोणीच नाही येत.” आज आईही नाही. तिला घट्ट झाकणाचा एक डबा आणून दिला असता, तरी झुरळे गेली असती, हे मला फार उशिरा सुचले.