आईने सांगितलेला दुसरा भाग

आधीच सांगतो, मी हायस्कुलात शास्त्र शिकवत आलो. अंगात येणं, कौल लावणं, दृष्ट काढणं... या सगळ्याला मी जन्मभर नाकं मुरडली. भूत दिसलं म्हणणाऱ्याने आधी डोळे तपासून घ्यावेत, हे माझं वर्गातलं आवडतं वाक्य. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे.

आमचं घर उंब्रजचं. लढाईचा काळ. थोरला भाऊ, अण्णा, पलटणीत सिग्नलवर होता. शेवटच्या रजेवर आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत एक इंग्रजी पुस्तक होतं, छावणीतल्या कुणा गोऱ्याने दिलेलं. माणसं यंत्रात बसून आभाळापलीकडच्या जगांत जातात, असली कादंबरी. रोज दुपारी जेवणं झाली की तो ती आईला थोडी थोडी मराठीत सांगायचा. निम्मी झाली आणि रजा संपली. पानात काडी घालून त्याने पुस्तक फडताळात ठेवलं आणि तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेला.

दिवाळीच्या आधी तार आली — बेपत्ता.

आई रडली नाही. तिने ते पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. आमच्याकडे रीत अशी, की पोथी एकदा लावली की समाप्ती केल्याशिवाय गुंडाळायची नाही. अर्धी राहिली तर लावणाऱ्याला बाधते. ती म्हणाली, "त्यानं लावल्याली पोथी हाय. तू पुरी कर, म्हंजी त्यो येईल."

मी मॅट्रिकला होतो, चार बुकं शिकल्याची घमेंड होतीच. पण तिच्या तोंडाकडे बघून काय बोलणार? पाटावर पुस्तक, शेजारी उदबत्ती, आणि मी यानाची इंजिनं बिघडल्याचं वर्णन हात जोडून बसलेल्या आईला ऐकवतोय... एरवी हसू आलं असतं.

शेवटच्या पानावर एक जण परक्या जगात मागे राहतो आणि यान निघून जातं. खाली छापलेलं — पुढील हकीकत दुसऱ्या भागात. लांबलचक मालिका होती ती, आणि आमच्या हातात नुसता पहिला भाग. कराडला, साताऱ्याला विचारून पाहिलं. लढाईच्या दिवसांत असली पुस्तकं कुठली यायला? आईला खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला पुस्तक नुसतं धरून बसायला लावलं आणि पुढचं स्वतः सांगू लागली. अक्षरओळख नसलेली, कराडपलीकडे कधी न गेलेली माझी आई! मागे राहिलेला माणूस काळ्या पाण्यातून चालतो. पुढे माणसाएवढी पांढरी झाडं, हात लावला की लाजाळूसारखी मिटणारी. एक बूट पाण्यात जातो, मग तो शर्टाची बाही फाडून पायाला गुंडाळतो. असं बरेच दिवस चाललं. मला वाटलं, दुःखाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तिची भीती वाटायला लागली होती.

एका दुपारी ती म्हणाली, "ऱ्हायलेला बूट उशाला घिऊन निजला त्यो." मग तिने पुस्तक माझ्या हातून काढून घेतलं. "फुडचं काय दिसंना. संपली पोथी. नारळ फोड."

मी फोडला. काही आठवड्यांनी दुसरी तार आली. अण्णा गेला होता.

लढाई संपल्यावर मी सांगलीला मास्तर झालो. तिथे एका रद्दीवाल्याकडे तो दुसरा भाग सापडला. दुकानातच उभ्याउभ्या वाचला. काळं पाणी, मिटणारी झाडं, बाही, उशाचा बूट... सगळं जसंच्या तसं. छपाईचं साल पाहिलं, तर आईने सांगितलं त्याच्या नंतरचं. म्हणजे अण्णाने वाचून तिला सांगितलं असेल म्हणावं, तर तेही नाही. पुढचं पान उलटलं. त्या माणसाचे सोबती त्याला शोधत परत येतात, हलवून जागं करतात आणि घरी नेतात.

रविवारी गावी गेलो. पोटात ठेवणं जमलं नाही. आई जोंधळे पाखडत होती. सगळं ऐकल्यावर तिचं सूप थांबलं.

"मग म्या घाई केली व्हय रं?"

ही नुसती कादंबरी आहे, तिचा अण्णाशी संबंध नाही, असं मी खूप समजावलं. तिला पटलं की नाही, कळलं नाही. एवढी वर्षं मुलांना प्रत्येक गोष्टीमागचं कारण शोधायला शिकवलं, पण ती गोष्ट तिच्याकडे कुठून आली, हे मला आजही सांगता येत नाही. पुढे श्रावणात आळीत कुठेही पोथी लागली की ती न चुकता ऐकायला जायची. समाप्तीच्या दिवशी मात्र घरी बसून राहायची.