डॉक्टरीण घरी नाही

इंटर्नशिपच्या वर्षी कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा गोंदियातल्या वॉर्डात माझ्याकडे पेशंटच्या घरी फोन करून तब्येत सांगायचं काम होतं. नातेवाइकांना आत सोडत नसत. एका बाईंचे वडील आमच्याकडे होते. त्या रोज एकच विचारायच्या, "मॅडम, बाबा जेवले का?" मी खरं ते सांगायचे. कधी दोन घास, कधी नुसता चहा.

एका दुपारी ते गेले. मी नंबर लावला, पलीकडून तोच प्रश्न आला, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. शेजारी माझी रूममेट होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला, बातमी सांगितली, त्या बाईंचं रडणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी जिन्यात जाऊन बसले होते.

त्यानंतर कुठलाही फोन वाजला की मी उठून बाहेर निघून जायचे. झोप नाही, जेवण नाही. शेवटी रजा टाकून अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावी आले आणि मोबाइल बंद करून टाकला. परत जायचं नाही हे मनात पक्कं झालं होतं. घरी सांगायची मात्र हिंमत नव्हती.

"काऊन वं बाई, जेवून नाही राहिली?" आई विचारायची. मी म्हणायचे, भूक नाही. मग ती पेज करून वाटी माझ्या हातात द्यायची आणि संपेपर्यंत समोर बसून राहायची.

मी आल्याचं गावभर झालं होतं. कुणी ताप घेऊन यायचं, कुणी लस घ्यावी की नको ते विचारायला. बाबा ओसरीत खाट टाकून बसायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, "डॉक्टरीन घरी नाही. मोरगावच्या दवाखान्यात जा." एकदा शेजारच्या काकांनी मला खिडकीतून पाहिलं. "अन् हे कोन बसून राहिली?"

"ते माही पोरगी हाये," बाबा म्हणाले. "डॉक्टरीन नाही आली."

आत बसल्या बसल्या मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

फोन लागेना म्हणून एक दिवस माझी रूममेटच येऊन धडकली. भर उन्हात, गोंदियाहून कोहमाऱ्यामार्गे, स्कूटीने. ही गोंदिया शहरातली. वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारी, सगळ्या हॉस्टेलला हसवणारी. अंगणाच्या कडेलाच थांबून म्हणाली, "काकू, जवळ नका येऊ. टेस्ट निगेटिव्ह आहे, पर फिर भी." आईने तिला मागच्या बाजूला आंघोळीचं पाणी काढून दिलं. ती जेवली आणि बाजेवर आडवी झाली, ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच उठली. आई मधूनमधून जाऊन बघून यायची. "तुह्यापेक्षा हेच जास्त बिमार दिसून राहिली," ती मला म्हणाली.

सकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो.

"मला न्यायला आलीस ना? मी नाही येणार."

"मी तर झोपायला आले, यार." मग म्हणाली, "सुन. मी मानसोपचारवाल्या मॅडमकडे जाते. गोळी चालू आहे."

मला आधी थट्टाच वाटली. "तू? तू तर दिवसभर हसतेस."

"हसते ना. फिर बाथरूम में जाके रोती हूँ. त्या बाईंचा आवाज अजून कानात आहे माझ्या."

आम्ही दोघी रडायला लागलो. म्हशी घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. "कायले रडून राहिल्या, बाई?"

"परीक्षा है, बाबाजी," ती नाक पुसत म्हणाली. आजोबांना ते पटलं.

घरी आल्यावर तिनेच माझं आणि स्वतःचं सगळं सांगितलं. आईने विचारलं, "म्हंजे डोक्याची दवाई?"

"हो, काकू. झोप येते, भूक लागते, माणसासारखं वाटतं."

बाबांनी एवढंच विचारलं, "बरं होते ना?"

"होतं, काका. मैं हो रही हूँ."

"मंग तू बी जा," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. "नाही जमलं तं वापस ये. कोनी काही म्हनत नाही."

मी तिच्याच स्कूटीवर मागे बसून गोंदियाला गेले. तिच्या मॅडमनी मलाही गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलावलं, आणि काही दिवस मला वॉर्डाबाहेरचं काम मिळावं म्हणून स्वतः वरिष्ठांशी बोलल्या. झोप लवकर परतली, बाकीचं हळूहळू. रजेमुळे माझी इंटर्नशिप लांबली. माझ्या रूममेटची आधी संपली आणि ती घरी राहायला गेली, तरी जवळजवळ रोज संध्याकाळी डबा घेऊन हॉस्टेलवर यायची आणि अर्धा स्वतःच खायची.

आता मी एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. गावातली एखादी बाई झोप लागत नाही म्हणाली, की आई सगळ्यांसमोर तिला सांगते, "माह्या डॉक्टरीनबाईनं बी घेतली डोक्याची दवाई. जाऊन ये, लाजू नको." मी तिथेच असले तर जाम लाजते. पण आईला अडवत नाही.