स्वस्तात दिलेली पापलेटं

सुक्या बोंबलांचा वास आला की मला पाचूबंदरची ती सकाळ आठवते. वडील वारल्यावर आईने होडी दुरुस्त करायला एका व्यापाऱ्याकडून कर्ज घेतलं होतं आणि ते फिटेपर्यंत आमची सगळी मासळी त्यालाच, तो ठरवेल त्याच भावाने द्यावी लागायची. सात वर्षं तो आमची टोपली पायाने स्वतःकडे ओढायचा नि भाव सांगायचा. आई खाली मान घालून बर्फ पसरत राहायची. आदल्या दिवशीच तिने शेवटचा हप्ता चुकता केला होता. त्या सकाळी ओल्या धक्क्यावर आमच्या टोपलीत ताटलीएवढी पापलेटं चमकत होती. त्याने सवयीने पाय पुढे केला. आई म्हणाली, "शेठ, पाय काडा. आज लिलाव होनार." तो हसला आणि सगळ्यांच्या वर बोली लावली. आईने शंभर रुपये कमी घेऊन टोपली शेजारच्या कोळणीला दिली. "अगं, मी जास्त देतोय," तो म्हणाला. "देत असाल. पन तुमाला नाय," आई म्हणाली. घरी येताना मी त्या शंभर रुपयांसाठी हळहळत होते. आता होडी माझ्या नावावर आहे आणि धक्क्यावर त्याचा मुलगा मला भाव विचारतो. मी त्याला अजून एक मासाही विकलेला नाही.