जादाचं एक मत

फेरमोजणी झाली, तरी आकडे तेच. ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी भीमराज आणि उत्तम हे दोन उमेदवार, आणि दोघांना अगदी सारखी मतं. मी निवडणूक निर्णय अधिकारी, म्हणजे निकाल काहीही लागो, शिव्या खाणारा माणूस.

गाव पाथर्डीच्या पूर्वेकडचं. ऊसतोडीला गेलेली माणसंसुद्धा दोन्हीकडच्यांनी जीप पाठवून मतदानाला आणली होती. भीमराज माझ्या टेबलासमोर उभा होता. डोक्याचा चकोट केलेला, डोळे खोल गेलेले.

“घरात कुणी गेलं का?” मी विचारलं.

“आई. मतदानादिशीच, सकाळी.”

मी चमकलो. त्या दुपारी बूथ बघायला जाताना मी त्याच्याच दारावरून गेलो होतो. दार लोटलेलं. ओसरीवर बाया बसलेल्या, तोंडात पदराचा बोळा. कुणी बोलत नव्हतं. प्रचाराच्या कलकलाटानंतर असं शांत घर पाहून मला तर बरंच वाटलं होतं.

“पण रडण्याचा आवाज नव्हता हो.”

“रडू दिलंच न्हाई, साहेब. बातमी फुटली असती तर समदी भावकी दारात बसून ऱ्हायली असती. मतं कुनी दिली असती? मशीन बंद झालं, मंग सांगितलं.”

 शेजारी उभा असलेला उत्तम खाली बघायला लागला.

पण काम थांबवून चालत नाही. मतं समान पडली की चिठ्ठी टाकायची. ज्याचं नाव निघेल त्याला एक मत जादा मिळालं असं धरायचं, हा नियम. लोक तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. शिपायानं डब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली भीमराजची.

त्याचा चेहरा हलला नाही. “साहेब, हे जादाचं मत कुनाचं?”

“कुणाचंच नाही. कायद्यानं धरलेलं.”

“आसं कसं? मत कुनीतरी देतंच की.”

मी नियमाचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं.  मग उत्तमच हळू आवाजात म्हणाला, “भीमा, आपल्या वार्डात एकच मत पडायचं ऱ्हायलं हुतं. तुझ्या आईचं.”

भीमराजनं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणावं, अशी त्याची फार इच्छा होती. मला ते जमलं नाही. तो तसाच दार ढकलून बाहेर गेला आणि व्हरांड्यात बसून त्यानं हंबरडा फोडला. “आई, तुला रडू दिलं न्हाई गं कुनाला!”

फाटकाबाहेर शब्द पोचले नाहीत, नुसतं रडणं पोचलं. भीमराज पडला, असं समजून उत्तमची माणसं गुलाल उधळत आत घुसली. हलगी सुरू झाली. उत्तम बेंबीच्या देठापासून ओरडत होता, “आरं थांबा, आपन पडलोय!” ऐकतो कोण? रडणाऱ्या भीमराजचं तुळतुळीत डोकं लालभडक झालं.

तेव्हापासून मी निकाल आधी माईकवरून सांगतो. उमेदवाराला मग बाहेर सोडतो.